वरच्या घराची मोरी

आमच्या परसातल्या अळवाचं एक पान मी एकदा एसटीच्या फुटक्या खिडकीला लावलं होतं. पोलादपूरपासून महाडपर्यंत थेंब आत आला नाही. उतरताना कंडक्टरनं पानाचं अर्धं तिकीट मागितलं. मी दिलं नाही, म्हणून अजूनही तो मला बघितलं की गाडी थांबवायच्या आधीच डबल बेल मारतो. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. अळू मात्र खरंच तसलं होतं. देठ मनगटाएवढे, पानं सुपाएवढी, आणि घशाला खाज म्हणून नाही. आमची वाडी कापड्याच्या बाजूला, डोंगराच्या अंगावर. गौरीच्या दिवशी अर्धी वाडी आमच्याच परसातून पानं न्यायची. बायका विचारायच्या, "काय घालता गो अळवाला?" आई डोळे मिटून म्हणायची, "देवाची कृपा."

ही देवाची कृपा चार इंची पाइपातून यायची.

आमच्याकडे घरं उतारावर पायरी-पायरीनं बसलेली आहेत. एकाचं अंगण म्हणजे दुसऱ्याच्या कौलाची उंची. वरच्या घरात माझे थोरले चुलते, आप्पा, आणि काकी. खालच्या घरात आम्ही. आम्ही म्हणजे आई, मी आणि माझी वहिनी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, मुंबईला गाडी चालवायचा आणि गणपतीला, शिमग्याला उगवायचा. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात पाळीवर. सकाळी अंधारात मोटारसायकल काढायची, संध्याकाळी अंगाला औषधाचा वास घेऊन परत यायचं. पण घरच्या वासापुढे कारखान्याचा वास म्हणजे मोगरा.

आप्पा मुंबईहून रिटायर होऊन आले आणि त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर बाथरूम बांधलं. वाडीतलं पहिलं टाइल्सचं बाथरूम. निळ्या टाइल्स, त्यावर उड्या मारणारे डॉल्फिन. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला डॉल्फिन दाखवायचे. एकदा सोयरिकीला आलेली माणसं मुलगी न बघताच बाथरूम बघून परत गेली, आणि होकार कळवला. पण आप्पांचं सगळं लक्ष आतल्या डॉल्फिनवर. स्वैपाकघराच्या मोरीचं पाणीही त्यातच घेतलं, बाहेर भिंतीतून हातभर पाइप काढला आणि सोडून दिला. पाइपाखाली काय? आमचं परस.

ग्रामपंचायतीचा माणूस येऊन सांगून गेला होता, शोषखड्डा मारा म्हणून. आप्पा म्हणाले, "माझ्या जागंत खड्डा? मग देवानं उतार कशाला दिलाय?"

आईनं पहिले दोन महिने शिव्या दिल्या. मग अळू वाढलं, शेवग्याएवढं उंच झालं, वाडी पानं मागायला येऊ लागली, आणि आईच्या शिव्या थोड्या खाली आल्या. भांडायचं ते भांडायचं, पण पाणी पाहिजे. वरच्यांना वाटायचं, आपण खालच्यांच्या डोक्यावर घाण ओततो. खालच्यांना वाटायचं, वरच्यांची घाण आपण फुकट लाटतो. दोन्ही घरं खूश होती, असं म्हटलं तरी चालेल.

फक्त ती घाण रोज एकाच माणसाच्या पायाखालून जायची. मोरीच्या पाण्याला वाट करून द्यायची, कचरा काढायचा, शेवाळ खरवडायचं, हे वहिनीचं काम. लग्न होऊन आली तेव्हाच आईनं कुदळ दाखवून सांगितलं होतं, "मोरी ज्याच्या घरची, ती त्याच्या सुनेची." आता मोरी कोणाच्या घरची होती हे सगळ्या वाडीला माहीत होतं. पण वरच्या घरची थोरली सून ठाण्याला, पार्लर चालवते. तिची नखं मी बघितली आहेत. त्यांनी टाइल्स फुटल्या असत्या.

पावसाळ्यात परसात घोट्यापर्यंत काळं पाणी उभं राहायचं. डासांचं काय सांगू? त्यातल्या एकाला तर मी ओळखून होतो. रोज दिवेलागणीला यायचा आणि आईच्या डाव्याच खांद्यावर बसायचा, घरच्यासारखा. आणि घुशी! वरच्या घरचं खरकटं, साबणाचं पाणी, भाताची पेज, सगळं त्या पाइपातून यायचं, म्हणून घुशींनी आमच्या पायाखाली बोगदे काढले होते. मांजर आम्ही पाळलं होतं, पण ते घुशींना बघून चुलीमागे जाऊन बसायचं आणि तिथूनच राज्य करायचं.

कारखान्यात मला नुसती फरशी पुसायला गेलं तरी गमबूट, हातमोजे घालावे लागतात. जुने गमबूट फेकायला काढले होते, ते मी घरी आणले. "वहिनी, मोरीत उतरताना हे घाला," म्हटलं. तिच्या टाचांना भेगा इतक्या, की लावणीच्या दिवसांत त्यात चिखल वाळून बसायचा. तिनं बूट घातले, परसात चार पावलं चालली आणि हसून हसून खाली बसली. "भावोजी, फौजदार वाटत्ये का?" दुसऱ्या दिवशी आईनं बूट उचलले आणि त्यात वालाचं बियाणं भरून तोंड फडक्यानं बांधून टाकलं. म्हणाली, "किती चांगलं रबर हाय. उंदरांचा दात लागायचा नाय."

बियाणं वाचलं.

आरोग्य केंद्राची आशाताई दर पावसाळ्यात गोळ्या घेऊन यायची. आठवड्याला घ्यायच्या, घाणीच्या पाण्यानं ताप येतो त्यावरच्या. आईनं त्या दादासाठी डब्यात ठेवल्या. तो मुंबईचा, त्याला इथलं पाणी बाधतं.

तर त्या वर्षी गणपतीच्या आधी भांडण पेटलं. आप्पांनी सांगितलं, यंदा मुंबईची सगळी माणसं येणार. पोरं, सुना, नातवंडं, सुनांच्या बहिणी. म्हणजे पंधरा-वीस जण डॉल्फिनसमोर अंघोळ करणार आणि ते सगळं आमच्या परसात. दादा रजा टाकून लवकर आला होता. आईनं त्याला पाइप दाखवला. दादा मुंबईच्या रुबाबात म्हणाला, "टेन्शन नाय लेने का, आई." आणि त्यानं गोणपाटाचा बोळा करून पाइपात ठोकला, वर चिऱ्याचा तुकडा बसवला. ठोकून झाल्यावर मोबाइलमध्ये फोटो काढला. तो फोटो अजून त्याच्याकडे असेल.

मुंबईची माणसं आली आणि वरचं बाथरूम तुंबलं. आप्पांचा मोठा नातू अंघोळीला गेला तो पोहून बाहेर आला, असं मी वाडीत सांगत होतो. आप्पांनी आतून बांबू घातला आणि सगळी माणसं मिळून ढोसला. बोळा सुटला तेव्हा जो आवाज झाला तो सावित्रीच्या पलीकडे ऐकू गेला असेल. चार दिवसांचं साठलेलं पाणी, साबण, केस, उष्टं, मेलेली एक घूस, सगळं एकदम आमच्या मागच्या भिंतीवर आदळलं. स्वैपाकघरात काळं पाणी शिरलं. चूल विझली. आई वर तोंड करून ओरडत होती, आप्पा खाली तोंड करून, आणि मधे दादा हात झटकत उभा, कारण त्याच्या पांढऱ्या बुटांवर शिंतोडे उडाले होते.

"बघत काय उभी रायलीस गो?" आई वहिनीवर ओरडली. "पाट काढ. घरात पाणी येतंय."

वहिनी अनवाणी, साडी खोचून, पोटऱ्यांपर्यंत त्या पाण्यात उतरली. सकाळपासून दुपार कलेपर्यंत उपसत होती. मेलेली घूस शेपटीला धरून तिनंच बांधापलीकडे टाकली. मी पाळीवरून आलो तेव्हा ती पाय धूत होती, आणि पाय धुवायलाही त्याच मोरीवर बसली होती. "भावोजी," म्हणाली, "यंदा अळू फोफावेल बघा."

गणपती आले. आमचे गौरीबरोबर जाणारे, आप्पांचे अनंत चतुर्दशीपर्यंतचे. तेवढ्यातही स्पर्धा होतीच. गणपती बसले त्या दिवशी संध्याकाळी वहिनीला ताप भरला. साधा नव्हे, भाकरी टाकली तर भाजावी असा. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पोटऱ्या दुखतायत. कुणी कुटल्यासारख्या."

आई म्हणाली, "लावणीनं कुणाच्या नाय दुखत? माझ्या चाळीस वर्सं दुखतायत. मी कधी गणपतीत झोपल्ये काय?"

गौरी आल्या त्या दिवशी वहिनीचे डोळे लालभडक झाले होते. वाडीतल्या बायका फुगड्या घालायला जमल्या. वहिनी भिंतीला टेकून बसली. आई पदरात तोंड घालून शेजारणीला सांगत होती, "नवरा परत जायला निघालाय ना. रडून रडून डोळं सुजवलेत. आम्हांला काय नवरं नव्हतं?"

नवरा परत गेलाच. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, त्याच रात्रीच्या गाडीनं. जाताना वहिनीच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "क्रोसिन घे." दादा डॉक्टर झाला असता तर गावोगावच्या स्मशानांत रांगा लागल्या असत्या.

त्यानंतर एका सकाळी वहिनी चुलीपाशी वाकली आणि उजेड तिच्या तोंडावर पडला. डोळ्यांतलं लाल जाऊन पिवळं आलं होतं. हळदीत बुडवून काढल्यासारखं. मी म्हटलं, "आई, हिला आत्ताच्या आत्ता महाडला नेऊया."

आईला मात्र हायसं वाटलं. इतके दिवस नाटक, कामचुकारपणा, नवऱ्याचं वेड, काय काय म्हणून झालं होतं. आता दुखण्याला नाव मिळालं. "कावीळ हाय! कावीळ डॉक्टराकडं बरी होत नाय. कावीळ उतरवायला लागते."

आमच्याकडे ही गोष्ट कोणी वादाची मानत नाही. हाड मोडलं तर डॉक्टर, साप चावला तर डॉक्टर, आता तर बाळंतपणालाही डॉक्टर. पण कावीळ झाली की शिकलेला मास्तरसुद्धा पहाटे उठून उतरवणाऱ्याच्या दारात बसतो. आमचा उतरवणारा म्हातारा दोन डोंगर सोडून. उपाशीपोटी जायचं, वाटेत बोलायचं नाही, आणि मुख्य अट, सुई टोचून घ्यायची नाही. सुई टोचली की कावीळ रक्तात पळते. मग ब्रह्मदेव आला तरी उतरत नाही.

दिरानं भावजयीला मोटारसायकलवर नेणं बरं दिसत नाही, म्हणून आई मधे बसली. पुढे मी, मधे आई, मागे वहिनी. चढावर गाडीचं पुढचं चाक उचलत होतं. आई वाटेत बोलायचं नाही म्हणून तोंडानं गप्प, पण कोपरानं मला सारखी सांगत होती, हळू, हळू.

म्हाताऱ्यानं वहिनीला पाटावर बसवलं. समोर काशाची परात. एका तांब्यातलं पाणी तिच्या हातांना चोळलं, मग दुसऱ्या भांड्यातली चुन्याची निवळी वरून सोडली, आणि ओठ हलवत तिचे हात कोपरापासून खाली निथळू लागला. परातीत पिवळंधमक पाणी उतरलं. बघणाऱ्या बायकांनी हात जोडले. आई म्हणाली, "बघ किती साठली व्हती पोरीच्या अंगात!"

आता मी पडलो कारखान्यातला माणूस. तिथं दिवसभर या पिंपातलं त्या पिंपात ओतलं की रंग बदलतो, हे मी बघत असतो. म्हातारा तंबाखू मळायला वळला तशी मी पुढे झालो, त्याच तांब्यातलं पाणी हाताला चोळलं आणि निवळी ओतून घेतली. माझ्यासारखा दगड खाऊन पचवणारा माणूस! परातीत माझ्याही हाताखालून पिवळा ओघळ आला. वहिनीच्यापेक्षा दोन छटा गडदच.

"बघा!" मी ओरडलो. "मला कुठे कावीळ हाय? कुणाचाही हात घाला, पिवळंच येणार!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी जिंकलो असं मला वाटलं. म्हाताऱ्यानं शांतपणे माझ्या डोळ्याची पापणी खाली ओढली, आत बघितलं आणि आईला म्हणाला, "ह्यालापण हाय. आत्ताच धरल्यान. बरं झालं आणलंस."

आईनं तिथंच हंबरडा फोडला.

घरी आल्यावर मला पडवीत घोंगडी टाकून दिली. म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून वहिनीला आणि मला तेल बंद, तिखट बंद, मीठ बंद. दोन्ही वेळेला अळणी पेज. मी शपथा घेतल्या, उड्या मारून दाखवल्या, आई म्हणाली, "कावीळ डोक्यात गेल्ये." यात हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि पहिल्या दिवशी मी हसलोही. दुसऱ्या दिवशी वरच्या पायरीवरून काकीचा आवाज आला. वाडीला ऐकू जाईल असा.

"काय गो, दीर-भावजय एकदमच पिवळी कशी झाली? एका ताटात जेवतात वाटतं?"

काविळीपेक्षा ते लवकर पसरलं. पाणी आणायला गेलेल्या बायकांनी खाली नेलं, म्हशी चारणाऱ्यांनी वर नेलं. वाडीच्या मोबाइल ग्रुपवर कोणी तरी नुसतीच दोन पिवळी फुलं टाकली, आणि त्याखाली मुंबईच्या माणसांनी हसून लोळणारी तोंडं. मी दादाला फोन लावला. "वहिनीला बरं नाय. महाडला न्यायला पाहिजे. मी नेतो."

तोही त्याच ग्रुपवर होता. म्हणाला, "तू लांब राहा तिच्यापासून. बाकी मी आल्यावर बघतो."

"अरे, ती मरेल."

"लांब राहा बोललो ना."

आईनं मधलं दार लावून घेतलं. आत वहिनी, बाहेर मी. दारातून मला तिची उचकी ऐकू यायची. आधी अधूनमधून, मग सारखी. उचकी लागली की आमच्याकडे म्हणतात कोणी तरी आठवण काढतंय. आई तिला सांगत होती, "नवरा आठवण काढतोय, दुसरं काय? त्याचं नाव घे, थांबेल." वहिनी नवऱ्याचं नाव घेत होती. उचकी थांबत नव्हती. मग आईनं मुंबईतल्या सगळ्या नातेवाइकांची नावं एकेक करून घ्यायला लावली. कोणीच तिची आठवण काढत नव्हतं असं दिसलं.

आशाताई आली. दार उघडायला लावून आत गेली आणि लगेच बाहेर आली. तिचा चेहरा बघूनच मी उठलो. तिनं आईला विचारलं, "लघवी कधी झाली हिला?"

आई म्हणाली, "पाणीच पीत नाय, तर व्हणार कुठनं?"

आशाताईनं सरकारी गाडीला फोन केला. गाडी हायवेच्या अपघातावर गेलेली, कधी सुटेल सांगता येत नाही म्हणाले. वहिनीला आता बसता येत नव्हतं. मोटारसायकलचा प्रश्न नव्हता, लोक काय म्हणतील तो राहिलाच बाजूला. वाडीत चारचाकी एकच, आप्पांच्या मुलाची. अनंत चतुर्दशी व्हायची होती म्हणून ती अजून वरच्या अंगणात उभी होती, बॉनेटवर हार घालून.

मी वर गेलो. आप्पा आरामखुर्चीत. माझं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाडी देतो. का नाय देणार? सून काय, आमचीच हाय." आणि आत जाऊन गणपतीसमोरचा नारळ घेऊन आले. "फक्त तुझ्या आईनं ह्यावर हात ठेवून बोलायचं. पाइपाला परत हात लावणार नाय. पाणी पडतंय तिथंच पडंल, माझ्या नातवंडांपर्यंत."

मी खाली येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "मेल्ये तरी नाय ठेवणार."

मरणार दुसरीच होती. पण ते आईला सांगून उपयोग नव्हता, ती आता अंगणात उभी राहून वर बोलत होती. वरून आप्पा, खालून आई. पाइपापासून सुरुवात झाली आणि आजोबांच्या वाटणीपर्यंत गेली, तिथून आंब्याच्या एका फांदीवर येऊन अडकली. मी कितीही वाढवून सांगितलं तरी त्या भांडणापर्यंत पोचणार नाही.

तेवढ्यात वहिनी दारातून बाहेर आली. भिंतीला धरून ती पायऱ्या चढू लागली. पाय उचलत नव्हता, पोटरी हातानं धरून वर ठेवायची. आशाताई मागून तिला सावरत होती. मी पुढे झालो तर काकी म्हणाली, "तू नको." वहिनी वर पोचली, आप्पांसमोर बसली, नारळावर हात ठेवला. हात नारळाच्या शेंडीपेक्षा पिवळा.

"पडू दे पाणी," म्हणाली. "उपसते ती मीच ना."

आप्पांनी नारळ मागे ओढला. "सुनेचा हात चालत नाय. उद्या घरची मालकीण उलटली तर?"

"मग माझा घ्या," मी म्हटलं.

"धाकट्याचा अर्धा. थोरला पाहिजे."

थोरला मुंबईत. आप्पांच्या मुलानंच वाट काढली. त्यानं दादाला व्हिडिओ कॉल लावला, स्पीकर सुरू केला आणि मोबाइल नारळावर आडवा ठेवला. दादा कुठल्या तरी सिग्नलला उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि, मी माझ्या कानांनी ऐकलं म्हणून सांगतो, तो म्हणाला, "शपथ घेतो, पण पाइप एक फूट उत्तरेला घ्या. आमच्या भिंतीला ओल येते."

आप्पा म्हणाले, "अर्धा फूट."

दादा म्हणाला, "आप्पा, नऊ इंच करा."

वहिनी पायरीवर भिंतीला डोकं टेकून उचक्या देत होती. कॉल तुटला. परत लावला. आठ इंचांवर ठरलं. दादानं मुंबईच्या सिग्नलवरून, मागे हॉर्न वाजत असताना, गणपतीची शपथ घेतली आणि आप्पांनी ती मान्य केली. वाडीच्या इतिहासात मोबाइलनं नारळावर हात ठेवल्याची ही पहिलीच वेळ असावी. मग गाडीच्या मागच्या सीटवर प्लास्टिकचा कागद अंथरला, पिवळं लागू नये म्हणून, आणि वहिनीला बसवलं.

महाडच्या डॉक्टरांनी तिचे डोळे बघितले, पोटरी नुसती दाबली, तर ती किंचाळली. एवढ्या अशक्तपणात तो आवाज कुठून आला कोण जाणे. त्यांनी विचारलं, "कुठल्या पाण्यात उभी होती ही?"

आई म्हणाली, "कुठं नाय. घरातच असते."

मी म्हटलं, "मोरीच्या. दिवसभर. अनवाणी."

डॉक्टर म्हणाले, लेप्टो आहे. उंदरा-घुशींच्या मुताचं पाणी, पायाच्या भेगांतून आत गेलं. पहिल्या दिवसांत आणली असती तर साध्या गोळ्या-इंजेक्शनवर भागलं असतं. "आता किडन्या बंद पडल्यात." आईला किडनी कळेना, तेव्हा त्यांनी सोपं करून सांगितलं, "आजी, हिच्या अंगातली मोरी तुंबलीय. घाण बाहेर जातच नाहीये."

आईला तेवढं नेमकं कळलं. ती म्हणाली, "मग मोकळी करा."

त्यांनी सुई टोचून सलाइन लावलं, पण मोकळी करणं इथं होत नव्हतं. त्यासाठी मशीन लागतं, पनवेलला न्यायला सांगितलं. रुग्णवाहिकेत डावीकडे आई, उजवीकडे मी. वहिनी शुद्धीत होती. माणगावच्या अलीकडे कुठे तरी तिनं डोळे उघडले आणि मला म्हणाली, "भावोजी, जिभेला मीठ लावा की जरा. किती दिस झाले, तोंडाला चव नाय."

कोणाकडे मीठ असणार? पण आईच्या पिशवीत भाकरी होती, तिच्याबरोबर पुडीत लाल तिखट-मीठ, तिच्या स्वतःच्या जेवणासाठी. मी पुडीला हात घातला. आईनं माझं मनगट धरलं. घट्ट.

"पथ्य हाय तिचं," आई म्हणाली. "उतरवणाऱ्यानं सांगितलंय. मोडलं तर बाधेल."

मी हात सोडवून घेतला, पुडी उघडली, बोटावर मीठ घेतलं. तोपर्यंत वहिनीचं तोंड तसंच उघडं राहिलं होतं आणि उचकी थांबली होती. गाडी पनवेलपर्यंत गेली नाही. पुढच्या वळणावरून परत फिरली.

वाडीत सगळ्यांना कारण माहीत होतं. डॉक्टरनं महाडला सुई टोचली ना. कावीळ रक्तात पळाली. उतरवणारा म्हातारासुद्धा माती द्यायला आला होता, त्यानंही मान हलवून तेच सांगितलं, आणि मला विचारलं, "तुझी उतरली का रे?" दादा मुंबईहून आला, रडला, मोठ्यानं रडला, आणि मधेच उठून मागं जाऊन पाइप बघून आला. आठ इंच सरकवला नव्हता.

पुढच्या आठवड्यात आरोग्य खात्याचा माणूस आला. खांद्यावर पावडरची पिशवी, पायात गमबूट. लेप्टोनं माणूस गेला की त्यांना यावंच लागतं. परसात उभा राहिला, वर पाइपाकडे बघितलं, खाली अळवाकडे बघितलं. अळू खरंच फोफावलं होतं.

"मोरी कोणाची ही?" त्यानं विचारलं.

आईनं वर बोट दाखवलं. वरून आप्पांनी खाली बोट दाखवलं.

तो बिचारा घामाघूम झाला होता. "अहो, असं कसं? पावडर कोणाकडे टाकू? बरं, गेली ती बाई कोणाची?"

आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता ती रडेल.

"बाई आमची," ती म्हणाली. "पाणी त्यांचं."

"पाणी वरनं खालीच येणार," आप्पा वरून ओरडले. "तुमची बाई त्यात उभी कशाला रायली?"

आणि परत सुरू झालं. पावडरवाला दोघांच्या मधे पिशवी धरून उभा.